संथ नाडीचा वर्ग

वाजंत्रीवाले मंगल कार्यालयाच्या फाटकापर्यंत येऊन थांबले होते. सनईवाल्याने सनई पिशवीतून काढून पुसायला घेतली होती, आणि बन्सीलालजी दोन्ही हात पसरून, फाटकाला पाठ लावून उभे होते.

"शेठ, नवरीकडचे निघालेत धर्मशाळेतनं," डोक्यावर पातेलं घेतलेला आचारी म्हणाला. "मी चूल कधी पेटवू? वऱ्हाडाला आज जेवायला घालायचंय का उद्या?"

"हळू बोल. आत गुरुजींची समाधी लागलीय."

"मग उठवा की."

"समाधी म्हणजे काय दुपारची झोप आहे, उठवायला?"

मला पाहताच बन्सीलालजींनी हात जोडले आणि फाटक माझ्यापुरतं किलकिलं केलं. "नीलाताई, बरोबर वेळेला आलात. डोळे भरून बघून घ्या," ते कुजबुजले.

आतले गुरुजी म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. बार्शीच्या एसटी डेपोतून ते वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून रोज सकाळी बन्सीलालजींच्या मंगल कार्यालयात योगाचा वर्ग घ्यायला लागले. फी नाही, पाटी नाही. लग्न असेल त्या दिवशी आचारी यायच्या आत वर्ग उठवायचा, एवढीच अट. मी पुण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि मे महिन्याच्या सुट्टीसाठी आले होते. घरी आईने दार उघडलं, माझ्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाली, "आधी कार्यालयात जाऊन ये. तुझ्या डोळ्यांनी बघ. मी काही बोलत नाही."

आत तीस-चाळीस माणसं सतरंज्यांवर बसली होती. व्यासपीठावर नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. खाली, पहिल्या खांबाला टेकून अण्णा मांडी घालून बसले होते. मान मागे खांबावर रेललेली, तोंड किंचित उघडं. सगळे त्यांच्याकडे एकटक बघत होते. काहींचे डोळे पाणावलेले.

"काय तेज आहे बघा चेहऱ्यावर," माझ्या मागे कोणीतरी पुटपुटलं.

मला तेज दिसलं नाही. रक्त उतरलेल्या कातडीचा रंग दिसला. मी पुढे जाऊन त्यांचं मनगट धरलं. पहिल्या रांगेतून ठोंबरेबाईंनी माझी ओढणी ओढली. या कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मी त्यांच्याच हाताखाली शिकलेली.

"हात नको लावूस. परत येताना त्रास होतो त्यांना."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे कोणी?"

बोटांखाली काही नव्हतं. मी बोटं जरा सरकवली, दाबली. तरी काही नाही. मग एक ठोका आला, एकटाच. पुष्कळ वेळाने दुसरा. तिसरा त्यामानाने लवकर. अण्णांनी खोल श्वास घेतला, गालांवर रंग चढला आणि त्यांनी डोळे उघडले. मला बघून ते हसले. हरवलेली वस्तू हाताला लागावी तसं ते हसू होतं, आणि ते मी त्यांच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं.

"कधी आलीस?" त्यांनी विचारलं. मग सगळ्यांकडे वळून त्यांनी ॐकार लावला. बाहेर सनई सुरू झाली.

घरी जाताना अण्णा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते.

"अण्णा, तुमची शुद्ध गेली होती."

"शुद्ध गेली की माणूस घाबरून उठतो. मी घाबरलेलो दिसलो का तुला?"

"नाडी लागत नव्हती तुमची."

"तेच तर!" ते म्हणाले, आणि माझ्या हातात एखादं बक्षीस ठेवल्यासारखं माझ्याकडे बघत राहिले.

त्या वर्गाची एक रीत होती. दर गुरुवारी प्राणायाम झाला की प्रत्येकाने आपली नाडी मोजायची आणि मोठ्याने सांगायची. ज्याची नाडी संथ, तो पुढे. ज्याची जलद, तो मागे. मनाची धावपळ नाडीत उतरते, असं अण्णांचं म्हणणं. पहिल्या रांगेत आला त्यालाच शीर्षासन करायची परवानगी. या रांगांपायी माणसं काय काय करायची. कोणी चहा सोडला. ठोंबरेबाई बुधवारपासून सुनेशी बोलणं बंद ठेवायच्या. आणि सगळ्यांत संथ नाडी अर्थातच अण्णांची. गेल्या वर्षभरात ती चाळीसच्या खाली उतरली होती आणि वर्गाने ही बातमी गावभर केली होती.

"आता बन्सीलालजीसुद्धा आलेत पहिल्या रांगेत," अण्णा सांगत होते. "इतकी वर्षं मागे बसले बिचारे, भिंतीला टेकून. या दोन महिन्यांत अशी उतरली नाडी त्यांची की मीच थक्क झालो."

घरी आई पोळ्या लाटत होती. तिने मान वर न करता विचारलं, "बघितलीस समाधी?"

"बघितली."

"न्हाणीघरातही लागते बरं का. मागच्या महिन्यात बादलीवर लागली. कपाळावरची खूण बघ."

"पाय घसरला होता," अण्णा म्हणाले.

"भाताचा घास हातात धरून लागते. ताटात काय पाय घसरतो?"

अण्णा हसले आणि हातपाय धुवायला गेले. तेव्हा मला दिसलं की न्हाणीघराच्या दाराला आतून कडीच नव्हती. स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती. कडी आईने काढून टाकली होती. पुढच्या दोन दिवसांत मला आणखी एक कळलं. अण्णा सायकल घेऊन बाहेर पडले की आई पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची, ती सायकलची घंटी ऐकू येईपर्यंत.

"आपण एवढे तांदूळ खातो का गं?" मी विचारलं.

"तेच तेच निवडते," ती म्हणाली.

सोलापूरला डॉक्टरांकडे न्यायला मला फार बोलावं लागलं नाही. "नीट मोजून तर घेऊ," एवढंच मी म्हणाले. अण्णा लगेच तयार झाले. यंत्रावर मोजलं जाणार, याचा त्यांना उलट आनंदच झाला.

डॉक्टर हिरेमठ माझ्याच वयाचे होते. त्यांनी आधी गोळ्यांची चौकशी केली. काही गोळ्यांनी, डोळ्यांत घालायच्या काही थेंबांनीही नाडी मंदावते म्हणाले. अण्णा काहीच घेत नव्हते. थायरॉईड तपासलं, रक्तातले क्षार तपासले. सगळं ठीक. मग त्यांनी छातीला तारा चिकटवून कमरेला एक डबी बांधली. दिवसरात्र हृदयाचा आलेख काढणारी. काही झालं तर वेळ आणि आपण काय करत होतो ते लिहून ठेवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या डबीसह अण्णा वर्गाला गेले, आणि माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले आहे. वर्ग खच्चून भरला होता. ज्यांनी योग सोडला होता तेही आले होते. बन्सीलालजींनी डबीला दुरूनच नमस्कार केला.

"ताई, यात समाधीचा फोटो निघणार ना?"

"फोटो नाही. आलेख."

"तेच. एक प्रत मला द्या. चांदीच्या फ्रेममध्ये बसवतो, इथे दर्शनी भागात लावतो. पुढच्या पिढीला पुरावा."

मी त्यांना बाजूला घेतलं. "बन्सीलालजी, तुम्ही रक्तदाबाची गोळी कधीपासून घेता?"

"दोन महिने झाले. नवी आहे. पांढरी, एवढीशी."

मी गोळीचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. ती नाडी संथ करणारीच गोळी होती.

"तुमची नाडी त्या गोळीने उतरलीय. साधनेने नाही. आणि रक्तदाब असताना शीर्षासन करायचं नसतं."

ते जरासे खट्टू झाले, मग त्यांचा चेहरा उजळला. "गोळी निमित्त हो, ताई. देव काय स्वतः येऊन नाडी धरणार आहे?"

अण्णांनाही मी ते सांगितलं. "गोळीने आली तर गोळीची," ते म्हणाले. "माझ्या पोटात कुठली गोळी आहे?"

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी आलेख टेबलावर पसरला. ठोक्यांच्या टोकदार रेघा, विरळ, आणि मधेच एक लांब सपाट ओळ.

"आठ सेकंदांहून जास्त," डॉक्टर म्हणाले. "काका, हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. सायनस नोड म्हणतात त्याला. ठोका कधी द्यायचा ते तो ठरवतो. तुमचा थकलाय. कधी उशीर करतो, कधी विसरतोच."

"म्हणजे कंट्रोलर खुर्चीत झोपला," अण्णा म्हणाले.

डॉक्टर हसले. "अगदी तसंच."

"मग गाडी पुन्हा सुटते कशी?"

"खालच्या भागातल्या पेशी शेवटी आपणहून ठोका देतात."

"बरोबर. कंट्रोलर नसला तरी ड्रायव्हर कंटाळून गाडी काढतोच."

दोघं रंगून बोलत होते. मी त्या सपाट ओळीकडे बघत होते. बेडकाच्या हृदयावर नेमक्या त्या जागेखाली दोरा आवळला की हृदय थांबतं, हे मी दर वर्षी मुलांना करून दाखवायचे. थोड्या वेळाने ते आपणहून संथपणे चालू होतं आणि मुलं टाळ्या वाजवतात.

अण्णांनी सपाट ओळीवर बोट ठेवलं. "ही केव्हाची?"

"सकाळची. तुम्ही लिहिलंय, ध्यान."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "ही जेवताना. ही झोपेत. ही बघा, तुमच्याच अक्षरात, पेपर वाचत होतो." अण्णांचं बोट पहिल्या ओळीवरून हललं नाही.

उपाय एकच होता. पेसमेकर. खांद्याच्या खाली कातडीच्या आत एक छोटी डबी, शिरेतून हृदयात गेलेली तार. हृदयाने ठोका चुकवला की ती देणार. कायम भागेल असं औषध नव्हतं.

"आणि नाही बसवलं तर?" अण्णांनी विचारलं.

डॉक्टर प्रामाणिक होते. "खरं सांगायचं तर हृदय बहुतेक वेळा पुन्हा सुरू होतं. या आजाराने माणूस झटक्यात जातो असं सहसा होत नाही. पण तुम्ही कुठे पडाल, कशावर पडाल, ते मला सांगता येणार नाही."

अण्णांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा घेतला. "मग नको," म्हणाले, आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आईने मला मागच्या ओट्यावर बोलावलं. "सांग की त्यांना, मराल म्हणून. तुझं ऐकतील."

"डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, आई."

"मग काय झालं? एवढी शिकलीस, एक थाप मारता येत नाही? आम्ही काय जन्मभर खरंच बोलत आलोय?"

मी गेले आणि मारली थाप. अण्णा कॉटवर बसून रेडिओची बटणं फिरवत होते. मी म्हणाले, "अण्णा, यात जिवाला धोका आहे. डॉक्टरांनी मला वेगळं सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि खो-खो हसायला लागले. "कान लाल झाले बघ तुझे. लहानपणापासून होतात." स्वयंपाकघरात भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

त्या महिनाभरात मी काय केलं ते आता आठवलं तरी थकायला होतं. अण्णांच्या सायकलमागून मी चालायचे. ते पुढच्या चौकात थांबून माझी वाट बघायचे आणि मी जवळ पोचले की पुन्हा पायडल मारायचे. मी वर्गासमोर उभी राहून बोलले, खडूने जमिनीवर हृदय काढलं, आलेख वाचून दाखवला. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकाने शंका विचारली, ती पोटातल्या गॅसबद्दल. शेवटी ठोंबरेबाई उठल्या. शाळेत माझी वही तपासताना बोलायच्या त्याच स्वरात म्हणाल्या, "छान समजावलंस हो नीला. पण विज्ञान तिथपर्यंतच जातं." मग त्यांनी माझ्या हातावर खडीसाखर ठेवली.

चूक माझ्या सांगण्यात असती तर मी सुधारली असती. पण मी सांगत होते ते त्यांना पटत होतं. हृदय थांबतं, मेंदूला रक्त जात नाही, शुद्ध हरपते. सगळं मान्य. त्यांचं म्हणणं एवढंच, की तेव्हाच तर माणूस पलीकडे जातो.

तो गुरुवार होता. नाड्या मोजून झाल्या, माणसं उठून आपापल्या रांगेत बसली. बन्सीलालजींनी पहिल्यांदाच शीर्षासनाची परवानगी मागितली. मी मागच्या भिंतीशी उभी होते. "अण्णा, नको," मी मोठ्याने म्हणाले. चाळीस माथी मागे वळली आणि पुन्हा पुढे फिरली.

"मी धरतो ना पाय," अण्णा म्हणाले.

बन्सीलालजी वजनदार गृहस्थ. दोघांनी उचलून त्यांचे पाय वर नेले आणि अण्णांच्या हातात दिले. घोटे धरून अण्णा उभे होते. बन्सीलालजींचा उलटा चेहरा लालभडक झाला होता आणि ते हसत होते. मी अण्णांकडे बघत होते. त्यांच्या ओठांवरचा रंग गेला. मग गालांवरचा.

"धरा!" मी ओरडले. "धरा त्यांना!"

माझ्या आणि त्यांच्या मधे सगळा वर्ग होता. मी माणसांच्या मांड्यांवरून, हातांवरून पाय टाकत निघाले. पहिल्या रांगेतल्यांनी नुसता हात पुढे केला असता तर पुरलं असतं. पण अण्णांची मान मागे गेली होती आणि याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. त्यांनी हात जोडले.

अण्णा उभ्याचे खाली बसले, जसं दोरीवरचं धोतर खाली यावं तसे. बन्सीलालजींचे पाय आधी एका बाजूला कलले, मग त्यांचं सगळं अंग व्यासपीठाच्या पायरीवर आदळलं. तो आवाज झाला तेव्हा कुठे लोकांनी हात सोडले.

अण्णा मिनिटभरात उठून बसले. त्यांना लागलं नव्हतं. बन्सीलालजींचं कॉलरबोन मोडलं होतं.

गावातल्याच दवाखान्यात आम्ही त्यांना बघायला गेलो, दुपारी. दोन्ही खांद्यांमागून घट्ट पट्टा आवळला होता. चेहरा घामाने भिजलेला. अण्णा दारातच थांबले.

"या, या गुरुजी," बन्सीलालजी म्हणाले. "तिथे का उभे?"

"बन्सीलालजी, माझ्यामुळे…"

"तेच सांगतोय मी सगळ्यांना! तुमच्यामुळे. ताई, तुम्ही विज्ञानवाल्या, तुम्ही लिहून ठेवा. गुरुजींना समाधी लागत होती आणि पाय माझे त्यांच्या हातात. लहर आली, ती पायांतून इथपर्यंत." त्यांनी बऱ्या हाताने टाळू दाखवली. "केवढं भाग्य! हाड काय, हाड जुळतं."

आणि ते कॉटवरून उतरायला लागले. अण्णांच्या पायांवर डोकं ठेवायला. पट्टा ताणला गेला, ते कळवळले, तरी वाकतच राहिले. अण्णा एक पाऊल मागे सरकले, मग आणखी एक, आणि भिंतीला टेकले. "नका, नका," ते म्हणत होते. बन्सीलालजींना वाटलं, हा त्यांचा विनय. ते आणखी वाकले.

बाहेर व्हरांड्यात बाकावर अण्णा बराच वेळ चपलांकडे बघत बसले. मग म्हणाले, "सोलापूरला फोन कर."

सोलापूरच्या रुग्णालयात आम्हाला खिडकीजवळची कॉट मिळाली होती. आई थर्मास घेऊन चहा आणायला खाली गेली होती. डॉक्टरांनी ठेवलेला संमतीचा कागद अण्णांच्या मांडीवर तसाच होता.

"नीला, माझ्या डोक्यात एसटी चालू असते," ते एकदम म्हणाले. "अजून. फलाट दोनवर बार्शी–लातूर लागत आहे. कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या प्रवाशांनी. डोळे मिटले की सुरू. नोकरीत असल्यापासून ध्यानाला बसतोय मी, एक दिवस बंद झालं नाही. वर्गाला सांगायचो, मन शांत करा. आणि आत माझा स्पीकर."

मी त्यांच्या पायाशी बसले होते.

"गेल्या वर्षी एकदा बंद झालं. आवाजच नाही. काही म्हणजे काही नाही. परत आलो तेव्हा इतकं बरं वाटत होतं की मला रडू येईल असं वाटलं. मग महिन्यातून एकदा व्हायला लागलं, मग आठवड्यातून."

"अण्णा, ते रक्त पोचत नाही म्हणून…"

"ठाऊक आहे. एवढा काही मी खुळा नाही. बादलीवर आपटलो तेव्हाच कळलं होतं. समाधी बादलीवर लागत नाही, तुझी आई बोलते ते खरंय. पण ती शांतता खोटी नव्हती गं. तेवढीच मिळाली मला. आजाराने दिली, पण मिळाली."

मला त्या पेशींची नावं माहीत होती, त्यांच्या पडद्यातून कोणते क्षार कधी आत जातात तेही माहीत होतं.

"डबी बसवली की हे बंद होणार?"

"हो."

"अधूनमधूनसुद्धा नाही?"

"नाही."

त्यांनी माझ्या कानांकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघत, जरा लाजल्यासारखे म्हणाले, "थोडं ठेवता येत नाही का? डॉक्टरांना विचारून तर बघ. वेग कमी लावा म्हणावं. मी पडून राहीन त्या वेळेला, कॉटवर. कोणाला लागणार नाही."

मी गेले. व्हरांड्याच्या टोकाला डॉक्टर हिरेमठ कोणाशी तरी बोलत होते. मी त्यांना अण्णांच्याच शब्दांत विचारलं. ते हसले, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायचे थांबले.

"वेग थोडा कमी ठेवता येईल, मॅडम. पण हृदय थांबलं की ते ठोका देणारच. त्यासाठीच तर बसवतोय ना आपण."

"हो," मी म्हणाले. "मला माहीत आहे."

मी परत येऊन अण्णांना तेच सांगितलं. "बरं," ते म्हणाले, आणि सहीसाठी पेन मागितलं. मला पेन सापडेना. पर्स उलटी केली तेव्हा मिळालं. तोवर ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत होते, परीक्षेला जाताना फिरवायचे तसा.

अण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि एकदाही पडले नाहीत. आईने न्हाणीघराला नवी कडी लावून घेतली. अंगात तरतरी आली, जिन्याला दम लागेना, जेवण सुधारलं. गावात लोक मला म्हणायचे, मुलगी असावी तर अशी.

त्याच वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी आले तेव्हा वर्ग पुन्हा सुरू झाला होता. मी आईबरोबर गेले आणि मागच्या भिंतीशी बसले. नाड्या मोजणं अण्णांनी बंद करून टाकलं होतं. "कुठेही बसा, जागा आहे तिथे," असं ते म्हणाले, पण लोक सवयीने आपापल्या जुन्या जागेवरच बसले. खांदा बरा झालेले बन्सीलालजी पहिल्या रांगेत.

प्राणायाम झाला. मग ध्यान. अण्णांनी खांबाला पाठ टेकली, डोळे मिटले. वर्गात शांतता झाली. ही ध्यानाची शांतता नव्हती. सगळे वाट बघत होते. बन्सीलालजींनी तर डोळे उघडेच ठेवले होते, गुरुजींची मान मागे जाताना दिसावी म्हणून. वेळ गेला. कोणीतरी खाकरलं. अण्णांची पाठ ताठ होती, गालांवर चांगला तांबूस रंग होता. पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे, इकडून तिकडे फिरत होती.

मग हळूहळू एकेकाने डोळे मिटले. शेवटी बन्सीलालजींनीही.

तेव्हा अण्णांनी डोळे उघडले. सगळ्या मिटल्या चेहऱ्यांवरून त्यांची नजर फिरत मागे आली, माझ्यापर्यंत. ते नुसते बघत राहिले. मी काही सांगेन, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. कोणीतरी त्यांना बघतंय, एवढंच बहुधा त्यांना नको होतं.

मी त्या वर्गात कधी डोळे मिटले नव्हते. त्या दिवशी मिटले, आणि ते "सावकाश उघडा" म्हणेपर्यंत उघडले नाहीत.